नोकरीचे मानकरी

फिलेमोन अर्रेगिनला नोकरी कशी लागली हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, फक्त प्रत्येकाची हकिगत वेगळी आहे. मकारिओच्या हकिगतीत ती सुटामुळे लागते, चेलोच्या हकिगतीत मिशीमुळे. मी फारसा बोलणारा नाही, त्यामुळे माझी हकिगत अजून कोणी ऐकलेली नाही. म्हणून लिहून ठेवतो. चुकलं असेल तर गल्लीत दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत.

फिलेमोन माझा कंपाद्रे. त्याची मुलगी यादिरा हिला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं, म्हणून तिचा मी धर्मपिता आणि तिच्या बापाचा कंपाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं मानतात, कारण भावाशी भांडता येतं, कंपाद्रेशी भांडायचं नसतं. बाप्तिस्म्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांना अरेतुरे करत होतो, बिअरच्या शेवटच्या बाटलीसाठी ढकलाढकली करत होतो. दुसऱ्या दिवशी पोरीच्या डोक्यावर पाणी पडलं, आणि चर्चच्या पायऱ्यांवर फिलेमोन मला म्हणाला, "सावकाश उतरा, कंपाद्रे." तेव्हापासून अहोजाहो. लिहिताना मात्र मी त्याला 'तो'च म्हणतो, नाहीतर मी दुसऱ्याच कोणाबद्दल लिहितोय असं वाटायला लागतं.

फिलेमोन इंजिनिअर. मेक्सिकोतल्या चिवावाच्या कॉलेजातून शिकून तो सीमेलगतच्या एल पासोला, अमेरिकेत आला आणि जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्यात लागला. तिथे त्याचं काम म्हणजे चूक शोधणं. शिवण वाकडी गेली, खिसा तिरका बसला, धुतल्यावर एक पाय दुसऱ्याहून आखूड झाला, की तो अख्खा गठ्ठा परत पाठवायचा. हे काम तो घरीही घेऊन यायचा. लग्नात नवरीला आशीर्वाद देताना त्याची नजर तिच्या झग्याच्या शिवणीवर असायची. फादर वेदीवर चढले की तो त्यांच्या झग्याची खालची दुमड बघायचा आणि प्रार्थना संपल्यावर बाहेर उभं राहून त्यांना हळूच सांगायचा. यात अपमान करायचा हेतू कधीच नसे. एखादा माणूस जसा दुसऱ्याच्या खांद्यावरचा केस प्रेमाने झटकतो, तसा तो चूक दाखवायचा. पण लोकांना ते प्रेम दिसायला वेळ लागायचा.

मग कारखाना नदी ओलांडून पलीकडे मेक्सिकोत गेला, आणि तिथून आणखी खाली कुठेतरी. शिलाईवाल्या बायकांना हळूहळू काही ना काही कामं मिळाली. इंजिनिअरला मिळेना. त्याला येत नव्हतं असं नाही. त्याच्या तोंडून ते बाहेर निघत नव्हतं. मुलाखतीला जायचा, तिथे विचारायचे की स्वतःबद्दल सांगा, तर हा आपल्या जुन्या साहेबांबद्दल सांगायचा, ते किती भले होते, त्यांच्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं. तुमचे गुण काय असं विचारलं तर म्हणायचा, ते दुसऱ्यांनी सांगायचं असतं. आणि तुमचे दोष काय असं विचारलं की खुर्ची पुढे ओढून अर्धा तास बोलायचा, उदाहरणं देऊन.

त्याला दोष तरी कसा द्यावा. आम्ही सगळे तसेच वाढलो. लहानपणी मी एकदा घरी येऊन सांगितलं की वर्गात मी सगळ्यांत छान वाचलं. आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "का रे, तुझं कौतुक करायला घरातली बाकीची माणसं मेली का?" त्यानंतर मी आयुष्यात स्वतःबद्दल चांगलं बोललो नाही. मला शाळेची बस चालवायची होती, तिथे बोलावं लागत नाही. फिलेमोनचं तसं नव्हतं.

त्यात फीनिक्सहून दर रविवारी फोन यायचा. त्याची बायको एर्लिंदा, तिचा भाऊ एव्हरार्डो तिकडे लोकांचे पोहण्याचे तलाव साफ करायचा धंदा करतो. तो म्हणायचा, भावजी, जाळी तयार आहे, बूट तयार आहेत, तुम्ही फक्त या. फिलेमोनला पोहता येत नाही. पण खरी भीती पाण्याची नव्हती, मेहुण्याच्या हाताखाली काम करायची होती. एव्हरार्डोची एक सवय आहे, तो आपल्या गड्यांना सगळ्यांसमोर पाठीवर थोपटतो. फिलेमोनला ते थोपटणं स्वप्नात दिसायचं. पण घर चालवायचं होतं, यादिराचं शिक्षण होतं. शेवटी एर्लिंदानं सांगून टाकलं की ईस्टरपर्यंत बघू, नाही लागली तर सामान बांधायचं. म्हणजे ईस्टरनंतर मला कंपाद्रे राहणार नव्हता, आणि माझी धर्मकन्याही नाही. हे मी कोणाला बोललो नाही. बसचा आरसा पुसत राहिलो.

फेब्रुवारीत चर्चमध्ये सूचना झाली की गावातल्या मोठ्या सभागृहात आपल्या स्पॅनिश बोलणाऱ्या शिकल्यासवरलेल्या लोकांसाठी नोकरी मेळावा आहे. कंपन्या टेबलं मांडून बसणार, लोकांनी बायोडेटा घेऊन भेटायचं. फिलेमोन म्हणाला जातो. एर्लिंदा म्हणाली कशात जाता. त्याचा एकुलता एक सूट लग्नातला होता, त्याचं बटण लागायचं पण मग श्वास घेता यायचा नाही.

इथे एर्लिंदाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की मोठा सोहळा करतात, झगा, मुकुट, बूट, केक, बँड, सगळं. एका घराला तो खर्च झेपत नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीला एक पाद्रिनो शोधतात. पाद्रिनो म्हणजे मानकरी. झग्याचा एक, बुटांचा एक, केकचा एक. मानकऱ्याने ती वस्तू द्यायची, आणि त्या बदल्यात सोहळ्याच्या दिवशी पुढे उभं राहायचं, फोटोत यायचं आणि पुढे आयुष्यभर त्या मुलीला सल्ले द्यायचे. आमच्या गल्लीतल्या सगळ्या सोहळ्यांचे मानकरी एर्लिंदाने जमवलेले. कोणाकडे काय मागावं हे तिला चेहऱ्यावरून कळतं. तिने रविवारी मेनुदोचं, म्हणजे वजडीच्या रश्श्याचं, मोठं भांडं चढवलं, चार-पाच जणांना जेवायला बोलावलं, आणि रस्सा वाढता वाढता सांगितलं की आपण फिलेमोनच्या नोकरीला मानकरी लावू या. जेवायला बसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

सूट मकारिओकडे गेला, कारण तो अंत्यविधीवाल्यांची गाडी चालवायचा आणि त्यांच्याकडे काळे सूट असायचे. बूट दोन्या कुकाकडे (मोठ्या वयाच्या बाईला आमच्याकडे मानाने दोन्या म्हणतात), तिचं शनिवारच्या बाजारात चपला-बुटांचं दुकान. केस आणि मिशी चेलोकडे, ती सलून चालवते. बायोडेटा दोन्या अम्पारोकडे, त्या निवृत्त शिक्षिका, आमच्या सगळ्यांच्या मुलांना त्यांनी मारलेलं आहे. माझ्याकडे बघून एर्लिंदा क्षणभर थांबली आणि म्हणाली, "कंपाद्रे, तुम्ही टाय."

पुढचे पंधरा दिवस फिलेमोनने सगळ्यांशी वैर घेतलं.

मकारिओ सूट घेऊन आला. समोरून बघाल तर मंत्र्याला शोभेल असा. फिलेमोनने तो उलटा केला. पाठीची शिवण नुसती कच्च्या धाग्याने टाचलेली होती. मेलेल्या माणसाला कपडे घालायला सोपं जावं म्हणून असे सूट मागून उघडे ठेवतात. मकारिओ म्हणाला, "पाठ कोण बघतंय, आमच्या एकाही गिऱ्हाइकाने आजवर तक्रार केलेली नाही." फिलेमोन म्हणाला, "त्यांना परत जाताना वळावं लागत नाही, मला लागेल." एर्लिंदाने पाठ मशीनवर शिवली, पण मकारिओ दोन दिवस बोलला नाही.

दोन्या कुकाने दिलेल्या बुटांत डाव्या बुटाची टाच उजवीहून किंचित उंच निघाली. तिने दुसरा जोड दिला, त्याचा रंग जुळेना. तिसरा दिला तेव्हा तिने दुकानातल्या लोकांसमोर विचारलं की नोकरीसाठी घेताय की वेदीवर ठेवायला. चेलोने मिशी कापली, तर हा आरशासमोर यादिराची शाळेची पट्टी घेऊन उभा. दोन्या अम्पारोंचा बायोडेटा तर त्याने दोनदा परत पाठवला, कारण डावीकडचा समास उजवीकडच्यापेक्षा रुंद होता. दोन्या अम्पारो मला दारात थांबवून म्हणाल्या, "तिबुर्सिओ, चाळीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या. आज माझी कोणीतरी तपासतोय, आणि तोही फुकट."

मी हे सगळं बघत होतो आणि टाय घ्यायला जायची हिंमत होत नव्हती. शेवटी पुलाजवळच्या रस्त्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदाराला म्हणालो, अशा माणसासाठी हवाय ज्याला काहीच आवडत नाही. त्याने गडद लाल रंगावर बारीक ठिपके असलेला एक काढला. मी तो रात्री दोनदा घडी करून ठेवला आणि सकाळी घेऊन गेलो. मकारिओ आणि चेलो तिथेच बसले होते, मुद्दाम बघायला.

फिलेमोनने टाय हातात घेतला. उलटा केला. मागच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, वरून खाली, मग टोकाशी थांबला. मग त्याने तो सरळ केला, व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाला, "सुंदर आहे, कंपाद्रे."

मकारिओने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी लाच दिली. मी तिथून घरी आलो तो सरळ रस्त्याने नाही, गल्लीला वळसा घालून आलो, म्हणजे जास्त लोकांना भेटता यावं. कोणाला काही सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात बस चालवताना मी वळणावर एक हात सोडून चालवत होतो, हे मुलांच्याही लक्षात आलं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे तयार. फिलेमोनला वाटलं होतं की तो एकटा बसने जाईल. पण मानकरी म्हटलं की त्याने सोहळ्याला उभं राहायचं, त्याशिवाय दिलेल्या वस्तूला अर्थ काय. चेलोने सलून बंद ठेवलं होतं. दोन्या कुकाने डोक्यावर जाळीची ओढणी घेतली होती, ती तिने चर्चसाठी राखून ठेवलेली. फिलेमोनला हे नको होतं, पण ज्यांचे बूट पायात आहेत त्यांना घरी थांबा कसं म्हणणार. मकारिओने अंत्यविधीची लांब काळी गाडी आणली, शवपेटीची नाही, नातेवाइकांची. एर्लिंदाने नवऱ्याच्या कपाळावर क्रूस काढला, चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या बुरितोंची पिशवी उचलली आणि पुढे बसली. आम्ही रस्त्याने निघालो तेव्हा दोन गाड्या आदराने बाजूला थांबल्या आणि एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

सभागृहात तरुण पोरंपोरी चकचकीत फायली घेऊन फिरत होती. कंपन्यांची टेबलं, त्यांवर फुकटची पेनं आणि गोळ्या. फिलेमोन पुढे, आम्ही पाच मानकरी आणि एर्लिंदा मागे, अर्धवर्तुळात. त्याने पहिल्या टेबलाशी हात पुढे केला की आम्हीही केला. आमच्याकडे एकाला नमस्कार करून बाकीच्यांना वगळत नाहीत. त्यामुळे प्रत्येक टेबलावर सगळ्यांचे सगळ्यांशी हात मिळवून होईपर्यंत मागची रांग वैतागायची.

बँकेच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं की पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता. फिलेमोनने विचार करून सांगितलं, देवाने ठेवलं तर इथेच. विम्याच्या टेबलावर त्याला आपलं सर्वांत मोठं यश सांगायला सांगितलं. तो म्हणाला की कारखान्यात सगळेच मेहनती होते. मागून चेलोने त्याला कोपराने ढोसलं, सगळ्यांना दिसेल असं. तिसऱ्या टेबलावरच्या बाईने बायोडेटा घेतला आणि न बघता गठ्ठ्यावर ठेवला. दोन्या अम्पारोंनी तो पुन्हा उचलून तिच्या हातात दिला आणि समास बघायला सांगितलं. दुपारपर्यंत आमच्याकडे पुष्कळ पेनं जमली होती आणि बाकी काही नाही.

फिलेमोनचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "फीनिक्स वाईट नाही म्हणतात. ऊन असतं." ऊन आमच्याकडेही असतं.

शौचालयाच्या बाजूला एक कोपरा रिकामा होता, तिथे आम्ही खुर्च्या ओढून जेवायला बसलो. शेजारी एक टेबल होतं, मोटारीचे सीटबेल्ट बनवणाऱ्या कंपनीचं. ते बिचारं दारामागे पडल्यामुळे तिकडे कोणी फिरकत नव्हतं. टेबलामागे पन्नाशीच्या एक बाई एकट्याच बसल्या होत्या. छातीवर नाव लावलं होतं, इंजिनिअर ओन्याते. आता माणसासमोर बसून खायचं आणि त्याला विचारायचं नाही हे आमच्याकडे होत नाही. एर्लिंदाने एक बुरितो नेऊन त्यांच्यासमोर ठेवला, हिरवी मिरची घातलेला. त्या नको म्हणाल्या. एर्लिंदाने ते ऐकलं नाही. दुसऱ्यांदा त्या नको म्हणाल्या नाहीत.

तोवर फिलेमोन टेबलाशी गेला होता. तिथे एक सीटबेल्ट नमुन्याला ठेवला होता. त्याच्या एका हातात बुरितो, दुसऱ्या हाताने त्याने तो पट्टा उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. त्याला कळलंही नाही की आपण तसं करतोय. बाईंनी खाता खाता ते बघितलं.

"शिवणकामात होता का?" त्यांनी विचारलं.

तो म्हणाला की जीन्समध्ये होतो, माल तपासायला. बाईंनी कागदाने हात पुसले, समोरची खुर्ची दाखवली आणि नेहमीचाच प्रश्न विचारला, तुमच्यात असं काय आहे ते सांगा. आम्ही सगळे खाणं थांबवून ऐकत होतो. फिलेमोनने मान खाली घातली. "ते मी कसं सांगणार बाई. ते दुसऱ्यांनी सांगायचं असतं."

बाईंनी त्याच्या खांद्यावरून आमच्याकडे बघितलं. सहा माणसं, हातात अर्धे बुरितो, सगळी ताठ बसलेली. "आणि हे कोण?"

मकारिओ उठून म्हणाला की मी सुटाचा मानकरी. मग एकेकाने सांगितलं. बाई आमच्यातल्याच, त्यांना काही समजावून द्यावं लागलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "केकचा कोण?"

"केक नोकरी लागल्यावर," एर्लिंदा म्हणाली.

"बरं. मग तुम्हीच सांगा. माणूस कसा आहे?"

आम्हाला वाटलं आता प्रत्येकजण त्याची स्तुती करणार. पण पंधरा दिवस साचलेलं होतं. मकारिओने सुटाच्या पाठीपासून सुरुवात केली, की देणाऱ्याने काळजापासून दिलं आणि घेणाऱ्याने आतून उलटं करून बघितलं. सूट दिल्यावर फिलेमोनने मकारिओच्या कामाच्या ठिकाणी जाऊन बाकीचे सूटही तपासले आणि मालकाला सांगितलं की अस्तर नीट नाही, हेही मकारिओने सांगितलं. दोन्या कुकाने टाचेचं सांगितलं. तीन जोड, तीन, ती म्हणाली आणि ओढणी सारखी केली. चेलो म्हणाली की या माणसाने माझ्या खुर्चीत बसून माझ्या कात्रीला धार कमी आहे असं सांगितलं, आणि वाईट हे की ती खरोखरच कमी होती. दोन्या अम्पारोंनी तर उभं राहून वर्गात सांगावं तसं सांगितलं, की याच्या नजरेतून सुटलेली एकही गोष्ट मला माहीत नाही आणि याच्यासारखा मुलगा वर्गात असता तर मी बदली मागितली असती.

एर्लिंदा डोळ्यांनी सगळ्यांना गप्प बसायला सांगत होती. फिलेमोनचे कान लाल झाले होते. बाई मात्र लिहीत होत्या, भराभर, आणि मध्येच विचारत होत्या, टाच किती उंच होती, अस्तर कुठे सुटलं होतं. तक्रार जेवढी मोठी, तेवढं त्यांचं पेन वेगाने चालायचं. दोन्या कुकाच्या ते लक्षात आलं आणि तिने आणखी एक जुनी तक्रार काढली, तिच्या भाचीच्या सोहळ्यातल्या झग्याची.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही टायचे. तुम्हाला काय त्रास दिला?"

मला सगळे बघत असले की शब्द सापडत नाहीत. मी म्हणालो, "मला नाही दिला. माझ्या टायमध्ये त्याला काही चूक सापडली नाही." हे सांगताना थोडी छाती फुगली असेल. नाही म्हणत नाही.

बाईंनी हात पुढे केला, फिलेमोनच्या टायचं टोक धरलं आणि उलटं केलं. त्याही त्याच धंद्यातल्या. त्यांनी अंगठा फिरवला आणि टोकाशी थांबल्या.

"याची शिवण एका बाजूला ओढलीय. अस्तर बाहेर दिसतंय. हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं," फिलेमोन म्हणाला.

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"मग?"

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "ते माझे कंपाद्रे आहेत. सांगितलं असतं तर त्यांना रात्रभर झोप लागली नसती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मगाशी लिहिलेल्या कागदाकडे त्या बघत राहिल्या. "म्हणजे माणूस जवळचा असेल तर तुम्ही माल पास करता."

मी उठून बाहेर जावं म्हणत होतो. मला फीनिक्सचा तलाव दिसत होता, त्याच्या काठावर जाळी घेतलेला फिलेमोन, आणि त्याच्या पाठीवर पडणारा एव्हरार्डोचा हात. आणि हे सगळं माझ्या टायमुळे. मकारिओच्या सुटाची पाठ उघडी होती ती निस्तरली, आणि माझ्या टायचं एक टोक निस्तरत नव्हतं.

फिलेमोनने पट्टा पुन्हा उचलला. तो धरून बोलला, बाईंशी नाही, पट्ट्याशी बोलावं तसं.

"टाय वाकडा निघाला तर फार तर माझी नोकरी हुकते, बाई. पट्ट्याला माणूस बांधलेला असतो. हा पट्टा माझ्या कंपाद्रेंनी शिवला असता आणि त्यात एवढी चूक असती, तर मी तो त्यांच्या तोंडावर परत केला असता. आणि मग रात्रभर त्यांच्या दारात बसून राहिलो असतो, त्यांना झोप लागेपर्यंत."

स्वतःबद्दल इतकं लांब तो कधीच बोलला नव्हता, माझ्याशीही नाही. चेलोने डोळ्याला रुमाल लावला, नंतर ती म्हणाली मिरचीमुळे.

बाईंनी पेन उचललं, कागदाच्या खाली काहीतरी लिहिलं आणि उरलेला बुरितो संपवला. संपवून मला विचारलं, "काय हो, आज रात्री झोप लागेल?"

"बघतो," मी म्हणालो.

त्यांनी फिलेमोनला मंगळवारी कारखान्यात यायला सांगितलं. मोठ्या साहेबांना भेटायचं होतं. "एकटे या," त्या म्हणाल्या. "सूट चालेल. मानकरी नकोत." मग आमचा सगळ्यांचा निरोप झाला, प्रत्येकाचा प्रत्येकाशी, आणि त्यात एवढा वेळ गेला की सभागृहातले लोक टेबलं उचलायला आले.

मंगळवारी तो एकटा गेला. आम्ही गाडीत बसून कोपऱ्यावर थांबलो होतो, पण ते त्याला कळलं नाही, म्हणून ते धरायचं नाही. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात नोकरी पक्की झाल्याचा फोन आला. त्या रविवारी फीनिक्सहूनही फोन आला, एव्हरार्डोने ऐकलं आणि ताबडतोब म्हणाला की केकचा मानकरी मी. तो केक घेऊन स्वतः आला, तलावाच्या निळ्या रंगाचा, आणि केक कापण्याआधी त्याने भाषण केलं की मी भावजींना नेहमी सांगायचो, धीर सोडू नका. भाषण संपल्यावर त्याने फिलेमोनच्या पाठीवर थोपटलं. फिलेमोनने ते सहन केलं आणि हळूच मला म्हणाला, "केक डावीकडे कललाय, कंपाद्रे. पण राहू द्या."

तो टाय फिलेमोनने कामावर दर सोमवारी बांधला. एर्लिंदाने शिवण उसवून नीट करते म्हटलं, तर त्याने करू दिली नाही. मी त्याला एकदा विचारलं की चूक माहीत असून का बांधता. तो म्हणाला, माहीत असलेली चूक त्रास देत नाही, न सापडलेली देते. हे मला अजून नीट कळलेलं नाही.

बऱ्याच वर्षांनी, मागच्या महिन्यात, तो निवृत्त झाला. मी पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. ते दुकान आता नाही, दुसरं आहे. या वेळी मी चष्मा नेला, प्रत्येक टाय उलटा केला, अंगठा फिरवला, टोकाशी थांबलो. दुकानातल्या बाईंनी विचारलं, काका, काही हरवलंय का. शेवटी एक निवडला, निळा, आणि निरोपाच्या समारंभात सगळ्यांसमोर त्याला दिला. मकारिओही होता, काठी टेकून, बघायला.

फिलेमोनने टाय घेतला. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. त्याने तो उलटा केलाच नाही. सरळ घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, "सुंदर आहे, कंपाद्रे."

त्या रात्री मला झोप लागली नाही.